दाजींची थेंबांची बाटली

दाजींची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझं डोकं त्यांच्या काखेत होतं, दोन्ही हात एका वेल्डरच्या ताब्यात होते आणि माझ्या गुडघ्यांवर एक पूर्ण वाढ झालेला माणूस बसलेला होता. माझा गुन्हा एवढाच, की पंपाचा झिजलेला शाफ्ट कातून घ्यायला मी त्यांच्या शेडमध्ये पाऊल टाकलं होतं. दारातच ग्राइंडर चालू होता. ठिणग्यांचा फवारा उडत होता, त्यातला एक कण माझ्या डोळ्यात शिरला आणि मी "आई गं" म्हणालो. म्हणालो कसला, पुटपुटलो. पण त्या गल्लीत हे दोन शब्द म्हणजे आगीचा भोंगा. लेथ थांबला. समोरच्या वेल्डरने हातातला तुकडा तसाच टाकला. शेजारच्या स्प्रिंगवाल्याने भरल्या ताटावरून उठून धाव घेतली. "दाजी, गिऱ्हाईक!" अशी आरोळी उठली, आणि शेडच्या आतल्या अंधारातून एक डोंगर माझ्याकडे चालत आला.

डोंगराला मिशा होत्या. डोंगराच्या हातात एक पितळी काडी होती. मला वाटलं, संपलं.

"वर बघा," डोंगर म्हणाला.

मी वर बघितलं.

"छताकडे हो! देवाकडे नाही. त्याला अजून वेळ आहे."

गल्ली खदखदून हसली. माझ्या गुडघ्यांवरचा माणूसही हसला, त्यामुळे माझे गुडघे निखळायचे बाकी राहिले. मग पापणी उलटली गेली, काहीतरी थंडगार टेकलं, आणि मी किंकाळी फोडायला तोंड उघडलं तोवर काम झालेलं होतं. दाजींनी काडीचं टोक माझ्यासमोर धरलं. त्यावर खसखशीच्या दाण्याच्या नातवाएवढा एक काळा ठिपका होता.

"एवढ्यासाठी एवढं रडलात?" गुडघ्यांवरचा माणूस उठता उठता म्हणाला.

"रडलो कुठे? तुम्ही मांडीवर बसलात म्हणून कण्हलो."

"हा आमचा मेव्हणा," दाजी म्हणाले. "दिसायला काडी आहे, पण बसला की वजन कळतं." असं म्हणून त्यांनी कुठूनतरी एक इवलीशी बाटली काढली, बाहीला पुसली आणि तिचं तोंड माझ्या पापणीला टेकवून एक थेंब सोडला. डोळा गार झाला. मला एकदम जगाबद्दल माया वाटायला लागली.

दाजींची ही ख्याती तालेवार डॉक्टरांना लाभत नाही. माणूस टर्नर. आयुष्य लेथसमोर उभं राहण्यात गेलं. पण पत्र्याच्या शेडांची ती अख्खी गल्ली लोखंड कापणारी, घासणारी, जोडणारी. तिथे डोळ्यात कण जाणं म्हणजे आपल्याकडे शिंक येण्यासारखं. दवाखान्यात जायचं तर अर्धा दिवस मोडतो. दाजींकडे अर्ध्या मिनिटात सुटका. ती पितळी काडी त्यांनी स्वतःच्या हाताने लेथवर कातली होती, टोकाला जुन्या स्पीकरमधलं चुंबक बसवलं होतं, आणि दुसऱ्या टोकाला, काही कारण नसताना, सुंदर नक्षी काढली होती. माणूस असा. काम झालं की वर थोडी नक्षी हवीच.

खरं म्हणजे दाजी ते फक्त मेव्हण्याचे. पण मेव्हणा दिवसभर ग्राइंडरवर बसून "दाजी, हे बघा", "दाजी, ते द्या" असं ओरडायचा, ते ऐकून वेल्डर त्यांना दाजी म्हणायला लागला, मग स्प्रिंगवाला, मग सगळी गल्ली. परिणाम असा झाला की दाजींच्या बायकोला ध्यानीमनी नसताना गल्लीभर भाऊ झाले आणि ती सगळ्यांची ताई झाली. ताई बसमध्ये कंडक्टर होती. आवाज असा, की "पुढे सरका" म्हटल्यावर बसमधले उतारू तर सरकतच, पण फुटपाथवरचे लोकही दोन पावलं पुढे जात. दाजी घाबरत ते फक्त तिला. आणि ती हळवी होई ती फक्त एका माणसासाठी: त्या काडीसारख्या मेव्हण्यासाठी. आईवडील लवकर गेले, तेव्हा ताईनेच त्याला वाढवलं होतं. लग्न ठरताना तिने दाजींना एकच अट घातली होती, की भाऊ सोबत येणार. दाजी म्हणाले होते, "येऊ दे. मला ग्राइंडरवर माणूस हवाच आहे."

मेव्हण्याचा डावा डोळा जन्मापासून आळशी होता. दिसायला नीट, पण त्या डोळ्याने त्याला माणूस आणि कपाट यांतला फरक कळत नसे. लहानपणी डॉक्टरांनी चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून आळशी डोळ्याला कामाला लावायला सांगितलं होतं; हे बेणं पट्टी काढून गटारात टाकायचं. ताईने सात वेळा पट्टी बांधली, त्याने आठ वेळा टाकली. आठवी कुठून आणली हे कोडं ताईला आजही सुटलेलं नाही. तर अशा रीतीने त्याचं सगळं पाहणं, ग्राइंडरच्या चाकावर पोलादाला धार लावण्यापासून चौकातून जाणाऱ्या मुलींपर्यंत, एकट्या उजव्या डोळ्यावर चालायचं. "एका डोळ्यावर एवढं काम करतो," तो म्हणायचा, "दोन असते तर मालक झालो असतो."

आता बाटलीबद्दल. फार वर्षांपूर्वी वेल्डरचे डोळे आले होते तेव्हा कुठल्याशा डॉक्टरने त्याला थेंब लिहून दिले. दोन दिवसांत डोळे साफ झाले आणि बाटलीत औषध उरलं. उरलेलं औषध दाजींकडे आलं. तेव्हापासून ती बाटली गल्लीत नांदत होती. बाटली म्हणजे तीच नव्हे. संपली की दाजी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे जाऊन रिकामी बाटली काचेवर ठेवत आणि तो न बोलता तशीच भरलेली देई. चिठ्ठी बिठ्ठी काही नाही. औषधवाल्याच्या डोळ्यातला कणसुद्धा दाजींनीच काढला होता.

दाजींचं वैद्यक सुटसुटीत होतं. कण निघाला, एक थेंब. डोळा लाल, दोन थेंब. लाली गेली की बंद. "औषध संपवायचं नसतं, उरवायचं असतं," ते सांगत. "बायको आणि औषध घरात असलं म्हणजे धीर असतो. सारखं सारखं वापरायचं नाही." हे ताई नसताना सांगत. पोराचे डोळे चिकटले, एक थेंब. म्हातारीला झोंबतंय, एक थेंब. गल्लीतल्या मांजरालासुद्धा एकदा मोतीबिंदूसाठी एक थेंब मिळाला होता आणि ते मांजर पुढे बरेच दिवस दाजींना बघितलं की पत्र्यावर चढायचं. मात्र बाटलीवर जे छापलेलं असे ते दाजी मनापासून पाळत. "थंड जागी ठेवावे" असं लिहिलेलं, आणि बाटली सदैव थंडच निघे. बाहेर काढली की ओली असायची, बाहीला पुसावी लागायची. मला त्या गारव्याचं फार कौतुक होतं.

तर एका सोमवारी सकाळी मी पंपाचा बुश कातायला घेऊन गेलो. शेडमध्ये सोमवारचा नेहमीचा वास होता. लेथवर तापलेल्या लोखंडावर धार सोडतात ते पाण्यात कालवलेलं तेल दुधासारखं पांढरं असतं, गल्ली त्याला दूधच म्हणते. ते मशीनखालच्या टाकीत साठतं, आणि रविवारी मशीन बंद राहिलं की सोमवारी ते नासलेल्या दुधासारखाच वास सोडतं. दोन तास लेथ चालला की वास मरतो. पण त्या दिवशी लेथ बंद होता. ग्राइंडरही बंद होता. मेव्हणा कोपऱ्यात पिंपावर बसला होता आणि त्याने उजव्या डोळ्यावर फडकं धरलं होतं.

"काय झालं?"

"कण गेला होता शनिवारी," दाजी म्हणाले. "काढला मी. अगदी अलगद. बघितलं असतंत तर टाळ्या वाजवल्या असत्या."

"मग?"

"मग काय, लाल आहे थोडा. थेंब चालू आहेत. दिवसातून चार वेळा केलेत."

"दाजी, लाल नाही हो, टोचतंय," मेव्हणा म्हणाला. नेहमीसारखा ओरडून नाही. हळू. "आत खिळा असल्यासारखं टोचतंय. उजेड सहन होत नाही."

"तुला कधी काय सहन झालंय? पट्टी तरी सहन झाली का?"

मेव्हण्याने फडकं डोळ्यावर आणखी दाबून धरलं. त्या माणसाला टोमणा मारला आणि त्याने परत मारला नाही, असं मी कधी बघितलं नव्हतं.

"गॉगल कुठाय?" मी विचारलं.

दाजींनी भिंतीकडे बघितलं. गॉगल खिळ्याला टांगलेला होता. त्यावर धूळ होती, आणि धुळीत कोणीतरी बोटाने दोन डोळे काढले होते.

"दाखवा ना डॉक्टरला," मी म्हणालो.

दाजींचा चेहरा बदलला. आजवर ज्याला कुणी 'डॉक्टरकडे जा' म्हटलं नव्हतं त्या डॉक्टरचा चेहरा. "पंपवाले, ह्या गल्लीतला एक डोळा सांगा जो माझ्या हातून बिघडला. एक. तुमचा स्वतःचा बिघडला?"

नव्हता बिघडला. दाजींनी बाटली काढली, पुसली, मेव्हण्याचं डोकं मागे केलं. फडकं बाजूला झालं तेव्हा मी तो डोळा बघितला. पापण्या सुजून एकमेकींना चिकटल्या होत्या आणि कडांना पिवळट चिकट घाण जमली होती. दाजींनी बोटांनी पापण्या उघडल्या. मेव्हण्याने पिंपाची कड पकडली, बोटं पांढरी होईपर्यंत. थेंब पडला. त्याच्या तोंडून आवाज आला नाही, फक्त पाय पुढे ताणला गेला आणि तसाच राहिला.

"होईल कमी," दाजी म्हणाले. कोणाला म्हणाले ते कळलं नाही.

ताई आली ती दुपारी, ड्यूटीवरूनच, खाकी कपड्यांत, तिकिटांची पेटी गळ्यात. तिला रविवारभर मेव्हण्याने 'झोपलोय' सांगून चुकवलं होतं. ती थेट त्याच्यासमोर गेली, त्याचं तोंड उजेडाकडे फिरवलं आणि दोन बोटांनी डोळा उघडला. मी बाजूलाच होतो. बुबुळाच्या काळ्यावर, बरोबर मध्याजवळ, एक पांढरा ठिपका होता. साबुदाण्याएवढा.

ताईने त्याच्या डाव्या डोळ्यासमोर हात धरला. म्हणजे तो आळशी डोळा झाकला. "किती बोटं?"

"ताई, असू दे ना."

"किती बोटं, विचारलं मी."

मेव्हणा बराच वेळ बघत राहिला. "बोटं आहेत का?" त्याने विचारलं.

तिने तीन धरली होती. तिची तीन बोटं तशीच हवेत राहिली. मग ती वळली, आणि पूर्ण आवाजात नाही, अगदी घरच्या आवाजात म्हणाली, "अहो, हे फूल पडलंय डोळ्यात."

"सूज असेल ती..."

"चला. पंपवाले, गाडी काढा. बाकीचे बाजूला व्हा."

गल्ली बाजूला झाली. पंप पोचवायच्या माझ्या टेम्पोत पुढे ताई आणि मेव्हणा बसले, मागे पाईपांच्या मध्ये दाजी. निघताना त्यांनी बाटली खिशात घातलेली मी आरशातून बघितली.

डोळ्यांच्या इस्पितळातली डॉक्टर तरुण होती, बारीक आवाजाची, आणि दमलेली. तिने मेव्हण्याची हनुवटी यंत्रावर टेकवली आणि निळ्या उजेडाची एक फट त्याच्या डोळ्यावर टाकली. दाजी त्या यंत्राकडे बघत होते. इतर वेळी त्यांनी विचारलं असतं की हे स्क्रू कुठे कातले. आज विचारलं नाही.

"दुसरा डोळा कसा आहे?" डॉक्टरने विचारलं.



"लहानपणापासून कमी," ताई म्हणाली. "ह्याच एका डोळ्याने बघतो तो."

डॉक्टरने यंत्रावरून डोकं वर केलं आणि मेव्हण्याकडे नव्याने बघितलं. पुढे ती जास्त हळू बोलायला लागली, तेच मला आवडलं नाही. "बुबुळाला जखम झाली आहे आणि जखमेत जंतू शिरलेत. ते बुबुळ खात आत चाललेत. काय घातलं होतं डोळ्यात?"

दाजींनी बाटली टेबलावर ठेवली. डॉक्टरने वाचली. "हे चांगलं औषध आहे. ह्याने एव्हाना फरक पडायला हवा होता. कधीपासून घालताय?"

"परवापासून. दिवसाला चार."

"आणि फरक नाही."

"वाढलंय," ताई म्हणाली.

डॉक्टरने बधिर करणारे थेंब घातले आणि एका बारीक पात्याने त्या पांढऱ्या ठिपक्याची कड खरवडून घेतली. ती खरवड काचेच्या ताटलीत वाढवायची. वाढलेल्या जंतूंवर वेगवेगळ्या औषधांच्या चकत्या ठेवायच्या. ज्या चकतीभोवती जंतू मरून मोकळी गोल जागा पडेल ते औषध लागू. "ह्याला दोन दिवस लागतील. तोवर आम्ही इथे बनवलेले कडक थेंब घालायचे. दर तासाला. डोळा आत फाटला तर मग माझ्या हातात फार काही राहणार नाही, म्हणून ह्याला इथेच ठेवते. आणि ही बाटलीही तपासायला पाठवते."

"बाटलीचं काय तपासायचं?" दाजींनी विचारलं. "ती तर औषधाची आहे."

इस्पितळांच्या व्हरांड्यातल्या बाकांवर मी आजवर बराच वेळ काढला आहे, कारण माझे पंप जगाला तेवढे निकडीचे नसतात. पण असले दोन दिवस मी पाहिले नाहीत. दाजी आतल्या नळावर साबण लावून हात धूत, नर्स दाखवी तसे बोटांच्या फटींतून, नखांखालून, कोपरापर्यंत. मग थेंब घालत. मग बाकावर येऊन बसत. मग घड्याळ बघत. आयुष्यभराचं तेल त्या हातांवरून जात नव्हतं. ते परत परत उठून धूत. ताई त्यांच्याशी बोलत नव्हती. दोघं एकाच बाकावर बसत, मध्ये डब्याची पिशवी. ताईला काही सांगायचं असलं की ती मला सांगे, आणि मी दाजींना. "पंपवाले, त्यांना सांगा, जेवून घ्या म्हणावं." दाजी दोन हातांच्या अंतरावर बसलेले. "दाजी, जेवून घ्या म्हणताहेत." "भूक नाही म्हणून सांगा." जगातला सगळ्यात छोटा टेलिफोन मी त्या बाकावर चालवला.

दुसऱ्या दिवशी गल्ली आली. सगळे भाऊ. ताईचे भाऊ म्हणून मेव्हण्याला भेटायला आले होते खरे, पण वेल्डर मला बाजूला घेऊन म्हणाला, "माझ्याही डोळ्यात गेल्या आठवड्यात दाजींनी थेंब घातलाय. बघा बरं, पांढरं काही दिसतंय?" मी बघितलं. काही नव्हतं. मग स्प्रिंगवाल्याने पापणी ओढून दाखवली. मग आणखी एकाने. थोड्या वेळात व्हरांड्यात खालच्या पापण्या ओढून उभ्या असलेल्या धडधाकट माणसांची रांग लागली, आणि एक नर्स त्यांना बघून हातातला ट्रे घेऊन परत वळली. हसायला यायला हवं होतं. दाजी त्या रांगेकडे बघत होते. कोणीही त्यांच्याकडे पापणी ओढून आलं नव्हतं.

मी माझा डोळा घरी आरशात बघितला. दोनदा.

ठिपका वाढत होता. साबुदाण्याचा हरभरा झाला. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ निळी फट टाकून बघे आणि "अजून थांबू" म्हणे. मेव्हण्याने विनोद करायचा एक प्रयत्न केला. "ताई, मला आता डाव्या डोळ्याला शाळेत घालायला लागेल." ताई उठून बाहेर गेली. कंडक्टरचा तो आवाज भिंतीपलीकडे बारीक होऊन ऐकू येत होता.

अहवाल आला तेव्हा डॉक्टरने आम्हा तिघांना खोलीत बोलावलं.

"तुमच्या बाटलीतलं औषध ह्या जंतूंवर चालत नाही. अजिबात नाही. त्याच्या भावंडांतली आणखी दोन औषधंही नाहीत. आम्ही इथे देत होतो त्यातलं एकही नाही."

दाजी टर्नर होते. त्यांनी तेच विचारलं जे टर्नर विचारेल. "ती चकतीभोवतीची मोकळी जागा... किती मिलिमीटर आली?"

"मिलिमीटरमध्येच मोजतात," डॉक्टर जरा चकित होऊन म्हणाली. "तुमच्या औषधाची शून्य. चकतीला खेटून वाढलेत."

"शून्य," दाजी म्हणाले.

"एक जुनं औषध लागू आहे. डोळ्याला फार झोंबतं, आम्ही ते राखून ठेवतो. ते आत्ता सुरू करतेय. पण मला एक कळत नाही. हेच जंतू बाटलीच्या तोंडावरही निघाले. हे जंतू ओल्या जागेत राहतात, साचलेल्या पाण्यात. तुम्ही ही बाटली ठेवता कुठे?"

"थंड जागी," दाजी ताबडतोब म्हणाले. जरा ताठही बसले. "लिहिलंय तसं."

"फ्रिजमध्ये?"

"शेडमध्ये फ्रिज कुठला मॅडम? वर पत्रा. दुपारी भट्टी होते. थंड जागा एकच, दुधाच्या टाकीत. तारेत अडकवून आत सोडतो. गळ्यापर्यंत."

"दुधाच्या?"

मला तिला सांगावं लागलं. लेथखालची टाकी, पाण्यात कालवलेलं तेल, महिनोन् महिने तेच फिरणारं, सोमवारचा तो वास. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की बाहीला पुसलेला तो ओलेपणा कशाचा होता.

डॉक्टरने चष्मा काढला. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "बाटलीच्या आत औषध आणि बाहेर जंतू," ती म्हणाली. "वर्षानुवर्षं शेजारी शेजारी. तोंडाशी झिरपलेला एक थेंब, दोन थेंब. मरण्याइतकं कधी नाही. जे कच्चे होते ते मेले. जे तरले त्यांचीच पुढची पिलावळ. असं करत करत औषध त्यांना बाधेनासं झालं."

दाजी बराच वेळ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते, धार बघतात तसा. "आम्ही हत्याराला पाणी देतो," ते म्हणाले. "तापवायचं, बुडवायचं. परत तापवायचं, परत बुडवायचं. पोलाद असं होतं की कानस घसरते." त्यांनी अंगठा उचलला. "मी त्यांना पाणी देत बसलो."

ताई दोन दिवसांनी पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली. "अहो, उठा," ती म्हणाली. "हात धुऊन या. थेंबांची वेळ झाली."

नवं औषध खरोखरच झोंबणारं होतं. मेव्हणा पहिल्या थेंबाला ओरडला, आणि त्याचं ओरडणं ऐकून व्हरांड्यातले आम्ही सगळे खूश झालो, कारण तो परत ओरडत होता. "दाजी, हे काय औषध आहे का अ‍ॅसिड? बॅटरीत घाला, गाडी चालेल!" दाजी बाटलीचं तोंड पापणीपासून बोटभर लांब धरून, थेंब सोडत. लांब धरायचं नर्सने शिकवलं होतं. टेकवायचं नाही. हे एवढंच होतं. एवढं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

एक दिवस काहीच झालं नाही. डॉक्टर म्हणाली, वाढला नाही हेच खूप आहे. त्यानंतर एका सकाळी ती यंत्रावरून उठली आणि म्हणाली, "कडा भरायला लागल्यात." ताईने दाजींचा दंड धरला, घट्ट, गर्दीच्या बसमध्ये दांडी धरतात तसा, आणि सोडला नाही.

मेव्हणा घरी आला. दाजींनी टाकी उपसली, तळाचा गाळ खरवडून काढला, तीन दिवस धुतली. पितळी काडीचं चुंबक काढून टाकलं. काडी आता मशीनखाली पडलेले स्क्रू ढकलायला वापरतात, नक्षी अजून आहे. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला ताईने काय सांगितलं ते गल्लीतल्या कोणी मला सांगत नाही, पण तो आता चिठ्ठी मागतो. शेडच्या दारात गॉगल लावल्याशिवाय आत सोडत नाहीत. मी एकदा नुसता चहाला गेलो तरी गॉगल लावून चहा प्यायलो आणि वाफेने काही दिसेना. डोळ्यात कण गेला तर दाजी माणसाला उचलून माझ्या टेम्पोत टाकतात. वेल्डर एकदा म्हणाला, "दाजी, एवढासा कण आहे, काढा की." दाजी त्याच्याकडे बघत राहिले आणि तो निमूट टेम्पोत चढला.

डोळा वाचला, पण बुबुळाच्या मध्यावर पांढरं फूल राहिलं. मेव्हण्याला त्या डोळ्याने इस्पितळातल्या तक्त्यावरचं सगळ्यात वरचं, सगळ्यात मोठं अक्षर दिसतं; खालची ओळ दिसत नाही. ग्राइंडरवर दुसरा माणूस ठेवला आहे. बुबुळ बदलता येतं असं डॉक्टर म्हणाली, त्यासाठी नाव नोंदवलं आहे. नंबर अजून आलेला नाही.